पंधरा नंबरचे पुनानाना

पुना महाजनचं दुसरं लग्न पंधराशी झालंय, असं त्याची बायको कुंदाबाई चारचौघांत सांगते. सांगून हसत नाही. एकदा मी जेवायला बसलो असताना तिनं त्याच्यासमोरच विचारलं, "आते पंधराले बी ताट वाढू का?" पुनानं मान खाली घालून भाकर मोडली. बाई खोटं बोलत नव्हती.

पंधरा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला भलताच संशय यायचा.

धरणगावात इंटरनेट काही आभाळातून टपकत नाही. बियाण्याच्या दुकानावरच्या माडीत चंदनभाऊच्या केबल कंपनीचं ऑफिस आहे. तिथल्या लोखंडी कपाटात चपट्या पेट्या आहेत, दिवे लुकलुकणाऱ्या. त्यांना स्विच म्हणतात. तशाच पेट्या गावभर पसरल्यात, कुठे कापसाच्या जिनिंगमध्ये, कुठे दवाखान्याच्या गच्चीवर. त्यांच्याशी बोलायचं तर काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करावी लागते. आधी नाव, पासवर्ड. मग बाणाच्या टोकासारखी एक खूण येते. म्हणजे समजा, तुम्ही जिनिंगच्या गेटवर उभे आहात. आत कापसाच्या गाड्या किती, लांबून बघा, हात लावायचा नाही. 'एनेबल' म्हणून दुसरा पासवर्ड दिला की बाणाच्या जागी जाळीची खूण येते, तिला हॅश म्हणतात. आवारात शिरलात. तिथून 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की थेट यंत्राच्या खोलीत. पट्टा काढा, घाला, गावाचं नेट बंद करा, सगळं तुमच्या बोटांवर.

कोणी कुठवर जायचं ते नंबरावर ठरतं. एक ते पंधरा. एकवाला गेटवरच. पंधरावाल्याला कुठेच आडकाठी नाही. मधल्या नंबरांना कुठली आज्ञा द्यायची आणि कुठली नाही, ते पंधरावालाच ठरवतो.

हे समजायला मला वेळ लागला नाही. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, पण माझं अर्धं आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर गेलंय. "तुमचा अर्ज मॅडमच्या लॉगिनला आहे." "साहेबांच्या लॉगिनला पडलाय." हे ऐकून कान किटलेत. ज्याच्या लॉगिनला पडलाय तो राजा, आणि सही-शिक्के घेऊन फिरणारे आपण सगळे गेटवर. मशीन बनवणाऱ्यांनी नवीन काही केलं नाही. आपल्याकडे चालतं तेच त्यांनी नंबर टाकून पक्कं केलं.

तर या गावात पंधरा एकट्या पुनाकडे होतं.

ते त्याला कोणी वाढून दिलं नव्हतं. चंदनभाऊच्या वडिलांच्या वेळी हा माणूस सायकलला बांबूची शिडी बांधून खांबाखांबावर चढायचा. टीव्हीची केबल. त्या शिडीला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपायचा नाही. कोणी हौसेनं दोन पायऱ्या चढला की हा खालून शिव्या घालायचा. पुढे फायबर आली, पुण्याहून एक इंजिनिअर मोठा स्विच बसवायला आला. पुनानं त्याला चहा, गुटखा, जेवण, सगळं पुरवलं आणि पाठीमागे उभं राहून त्याची बोटं बघितली. इंजिनिअर गेला तेव्हा पुनाला इंग्रजी येत नव्हतं, पण आज्ञा पाठ होत्या. एकेक अक्षर. भजन पाठ करतात तशा. मी अशा माणसांना मानतो. मीही कायदा असाच शिकलोय, दुसऱ्याच्या खांद्यावरून वाचून.

चंदनभाऊ गादीवर आला तेव्हा तरणा होता, आता चाळिशीकडे झुकलाय. त्याला आज्ञाबिज्ञा येत नाहीत. त्याचा सगळा कारभार "नाना, बघा हो जरा" यावर चालायचा. जिनिंगचा मॅनेजर तोताराम तर टीव्हीचा रिमोट हरवला तरी पुनाला फोन करायचा. लग्नाच्या पत्रिकेवर "पुनानाना महाजन (इंटरनेटवाले)" असं छापून यायचं. छाती फुगायचीच. कोणाची फुगणार नाही?

मग दिपमाला आली.

पोरगी नरडाण्याची. नाशिकला नेटवर्कचं शिकलेली, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम केलेली. रोज सकाळच्या पॅसेंजरनं नरडाण्याहून यायची, संध्याकाळी परत. खुर्चीवर घरून आणलेली शिवलेली उशी ठेवायची. पुनाला पहिल्या दिवसापासून ती उशी खुपली. "बसायला आली का कामाला?" असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, "बसूनच काम असतं ना तुमचं?" तर दोन दिवस बोलला नाही.

चंदनभाऊच्या सांगण्यावरून पुनानं तिला पाच नंबर दिला. बघायच्या आज्ञा बऱ्याचशा, बदलायची एकही नाही. इथपर्यंत ठीक होतं. पण ही मशीनं हरामखोर असतात. एकवाल्याला बाण दाखवतात, दोनपासून वर सगळ्यांना जाळी. म्हणजे पाचवाल्याच्या पडद्यावरही तीच खूण, जी पंधरावाल्याच्या. पुना तिच्या मागून जाताना पडद्यावर ती जाळी दिसली की त्याला आपला सदरा दुसऱ्याच्या अंगात दिसावा तसं व्हायचं. हे त्याचेच शब्द.

ती बदलू काहीच शकत नव्हती, पण बघण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. फोन आला की 'शो' म्हणायची, म्हणजे दाखव. हे दाखव, ते दाखव, रस्ते दाखव. आणि ग्राहकाला सांगायची, "काका, तुमच्या घरापर्यंत नीट येतंय, तुमच्याच राऊटरची पिन निघालीय." पुनानं जन्मात कोणाला असं सांगितलं नव्हतं. तो "बघतो" म्हणायचा, फोन ठेवायचा, आणि बघायचा. लोकांना सांगितलेलं आवडलं. महिनाभरात तोतारामचा फोन आला तो असा: "नाना, मॅडम आहेत का?"

"मी आहे ना."

"तुम्ही आहात ते माहीतच आहे हो. मॅडम आहेत का?"

पुनानं फोन तिच्याकडे दिला आणि खाली जाऊन पानटपरीवर उभा राहिला. मी तिथंच होतो. म्हणाला, "भाऊ, भुसावळ पॅसेंजर रोज वेळेवर का येते हो? आधी नव्हती येत." त्याला गाड्यांचं वेळापत्रक पाठ झालं होतं. गाडी लेट झाली की त्याचा चेहरा खुलायचा. दहा-वीस मिनिटं का होईना, माडीत तो एकटा असायचा.

त्यातून चंदनभाऊनं एक दिवस काढलंच. "नाना, पंधरा दोघांकडे पाहिजे. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"मी आजारी पडत नाही."

आणि त्यानंतर अंगात ताप असतानाही हा माणूस स्वेटर घालून ऑफिसात बसला. कुंदाबाई काढा घेऊन जिना चढली, त्यानं तो कपाटाकडे तोंड करून घेतला.

बरं, पोरगी पंधरा मागत होती का? नाही. हीच तर खरी गोम. चंदनभाऊसमोर ती म्हणाली, "मला पाच पुरे, नाना. बघायला मिळतं तेवढं खूप आहे." मत्सर करायचा तर समोरच्यानं निदान हाव तरी धरावी. ज्या वस्तूसाठी आपण जीव टाकला ती दुसऱ्याला फुकट मिळते आहे, आणि तो म्हणतो, ठेवा तुमच्याकडेच! याच्याइतकं पोटात दुखणारं दुसरं काही नाही. मला विचारा. चळवळीत तीस वर्षं माइक बघतोय मी.

पुना माझ्याकडे आला. निराधारांसाठी मी चालवतो त्या समितीच्या कचेरीत, अर्ज लिहायचा कागद घेऊन. "भाऊ, अन्याय झालाय. मोर्चा काढा."

मी बाह्या सरसावल्या. "पगार कापला?"

"नाही."

"काढून टाकताहेत?"

"नाही हो."

"मग?"

"तिला पंधरा देताहेत."

"तुझं काढून?"

"नाही. माझं ठेवून."

"मग अन्याय कुठाय, लेका?"

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण यायच्या बेतात होतं. म्हणाला, "भाऊ, दोघांकडे असल्यावर ते पंधरा राहतं का? तुम्ही सभेत माइक देता का कोणाला?"

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. माइकचं तो बोलला ते मला आवडलं नाही.

मग त्यानं ते केलं. कपट म्हणा, पण त्याच्या मनात फार मोठं काही नव्हतं. दिपमाला सगळ्यात जास्त वापरायची ती आज्ञा 'शो आयपी राउट'. कुठला डाटा कुठल्या रस्त्यानं जातो ते दाखवणारी. पुनानं ठरवलं, बाकी सगळं राहू दे, ही एवढी एकच आज्ञा पाचवरून उचलून पंधरावर ठेवायची. पोरगी अडेल. खुर्ची वळवेल. म्हणेल, "नाना, जरा बघता का?" त्याला एवढंच पाहिजे होतं. तिच्या तोंडून एकदा ते "बघता का".

यंत्राच्या खोलीत शिरला, एक ओळ टाईप केली, बाहेर आला. स्वतःच्या नावानं तपासलं. शो म्हटलं, दाखवलं. रस्ते म्हटलं, दाखवले. सगळं जागच्या जागी. खूश झाला आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, चल, उद्या चाळीसगाव. तिच्या भाचीचं लग्न होतं. आधी "मला जमणार नाही" म्हणत होता.

आता मशीनची खोड ऐका. 'शो आयपी राउट' ही तीन शब्दांची आज्ञा पंधरावर न्या, मशीन तेवढीच उचलत नाही. तिच्या आधीचे शब्दही सोबत वर नेतं. 'शो आयपी'ही गेलं आणि नुसतं 'शो'ही गेलं. खालच्यांच्या हातात 'शो' राहिलंच नाही, तर 'शो'नं सुरू होणाऱ्या बाकी आज्ञा कुठून चालणार? पुना फांदी छाटायला गेला आणि झाड खाली आलं. आणि त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण त्यानं तपासलं ते पंधरावर बसून. वरून बघणाऱ्याला सगळी दारं उघडीच दिसतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या समितीत निराधार बायांची केवायसी होती. वच्छलाबाई सोनवदहून चालत आलेली, तिच्यासारख्या आणखी बऱ्याच. अंगठे लावायचे, मशीनवर. अकराच्या सुमाराला नेट गेलं. आमचंच नाही, अर्ध्या गावाचं. वच्छलाबाई म्हणाली, "भाऊ, मना अंगठा घिसाई गया का?" मी म्हटलं, "अक्का, अंगठा नाही, दुसरंच काहीतरी घिसलंय," आणि तडक माडी गाठली. माझा आवाज माझ्याआधी जिना चढतो.

वर चंदनभाऊ फोन कानाला लावून उभा. पुनाचा फोन वाजतोय, उचलत कोणी नाही. फोन होता कुंदाबाईच्या पर्समध्ये, पर्स होती मांडवात, मांडवात बँड होता. पुना पंगतीत वरण-बट्टीवर तूप ओतून घेत होता.

दिपमाला पडद्यासमोर, चेहरा पांढरा. शो म्हटलं की मशीन म्हणे, चुकीची आज्ञा. आणि त्या शब्दाखाली बोट दाखवल्यासारखी एक बारीक टोकदार खूण. पुन्हा शो. पुन्हा तेच. काल संध्याकाळपर्यंत चालणारा शब्द.

"मी काही बिघडवलं का हो?" तिनं मलाच विचारलं. मी काय सांगणार? मी भांडायला आलो होतो. तरी भांडलोच. "आमच्या म्हाताऱ्या खोळंबल्यात, मला लेखी उत्तर पाहिजे!" असं चंदनभाऊला सुनावलं. त्यानं हात जोडले.

पोरीनं मग मशीनला विचारणं सोडलं. कपाट उघडून उभी राहिली. सगळे दिवे वेड्यासारखे फडफडत होते. तिनं एक वायर काढली, दिव्यांकडे बघितलं, परत लावली. दुसरी काढली. परत लावली. असं करत करत कपाटातल्या वायरी संपत आल्या, तेव्हा एक काढल्यावर दिवे शांत झाले. ती जिनिंगची होती. दिपमाला चंदनभाऊच्या मोटरसायकलवर मागे बसून जिनिंगला गेली. तिथं तोतारामच्या माणसानं साफसफाई करताना लोंबकळणारी मोकळी वायर दिसली म्हणून तिचं टोक त्याच पेटीत खोचून ठेवलं होतं. लोंबकळतं बरं दिसत नाही म्हणून! वायरीची दोन्ही टोकं एकाच पेटीत, आणि डाटा आपलीच शेपटी धरून गोल गोल फिरतोय. 'शो' असतं तर खुर्चीवरून न उठता सापडलं असतं. नेट आलं तोवर माझ्या बाया घरी गेल्या होत्या. वच्छलाबाई उपाशी.

सकाळी मी लेखी उत्तर घ्यायला माडीवर. पुना आला तो लग्नाच्या टोपीतच, कपाळाला गंध. चंदनभाऊनं विचारलं, "नाना, काल दिपमालाच्या सगळ्या आज्ञा बंद कशा पडल्या?"

"बंद?" पुना हसला. "काही बंद नाही. हे बघा." आणि स्वतःच्या नावानं आत जाऊन धडाधड दाखवू लागला. शो हे, शो ते. सगळं चालत होतं. "मशीन चांगलं आहे. शिकलेल्यांना टाईप करता येत नसेल तर मशीनचा काय दोष?"

दिपमाला उठली. आवाज चढवला नाही, पण उशी मात्र काखेत धरली होती, जणू ऑफिस सोडूनच निघाली आहे. "नाना, माझ्या नावानं आत जा."

"कशाला?"

"जा तर."

तिनं पासवर्ड टाकला, हा बसला. शो. चुकीची आज्ञा, खाली बोट. त्यानं पुन्हा टाईप केलं, सावकाश, एकेक अक्षर. पुन्हा तेच. दुसरी आज्ञा. तिसरी. एवढ्या वर्षांत या माणसानं पंधराच्या खाली पाय ठेवला नव्हता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि खुर्चीवरून ताडकन उठून तो आम्हा सगळ्यांसमोर ओरडला, "एकच काढेल व्हती मी! एकच! बठ्ठ्या कशा गयात?"

खाली कोणीतरी बियाण्याची पिशवी टाकली तेवढा आवाज.

आपण काय बोललो ते त्याला आमच्या तोंडांकडे बघून कळलं.

मी त्याच्यावर तुटून पडलो. "मोर्चा पाहिजे होता ना तुला? वच्छलाबाई पाच कोस चालली काल! कोणावर काढू मोर्चा, तुझ्या बोटांवर?" त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. तो दिपमालाकडे बघत होता. ती म्हणाली, "नाना, मी रात्रभर झोपले नाही. मला वाटलं माझ्यामुळे झालं." एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. का म्हणावं?

चंदनभाऊ पहिल्यांदाच मालकासारखा बोलला. "नाना, आधी पोरीच्या आज्ञा परत खाली आणा. मग तिला पंधरा द्या. आत्ता. माझ्यासमोर."

"ती नको म्हणते."

"आता पाहिजे," दिपमाला म्हणाली.

पुना बसला. यंत्राच्या खोलीत शिरला. आज्ञा खाली आणल्या. मग तिचं नाव टाईप केलं, पुढे पंधरा. पासवर्ड तिनं टाकायचा म्हणून तो उठला आणि भिंतीवरच्या खत कंपनीच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिला. मागं कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. बराच वेळ वाजल्या. शेवटी एक जोरात. मशीन अशा वेळी शाबासकी देत नाही, नुसती पुढची ओळ दाखवतं.

"झालं," पुना म्हणाला आणि टोपी काढून निघाला.

"नाना, राइट राहिलं."

तो दारात थबकला. हे तुम्हाला सांगायला पाहिजे: मशीनमध्ये बदल केला तरी तो तात्पुरता असतो. 'राइट' म्हटलं की कायमचा. न म्हणता सोडला आणि वीज गेली, बॅटरी उतरली, तर मशीन उठतं ते जुन्या आठवणीवर. आणि धरणगावात वीज जायला किती वेळ लागतो? पुना हे विसरला असेल यावर माझा विश्वास नाही. दिपमालाचाही नव्हता. तिच्याकडे आता पंधरा होतं, राइट तिला स्वतःला म्हणता आलं असतं. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

पुना परत आला. उभ्याउभ्याच टाईप केलं. मशीननं ओके म्हटलं.

खाली टपरीवर मी त्याच्यासाठी चहा सांगितला. राग होता माझा, पण माणूस ओळखीचा. कप हातात धरून त्यानं माडीच्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल.

"भाऊ," तो म्हणाला, "तिना पासवर्ड मनापेक्षा लांब शे. मी ऐकत होतो."

"मग तू तुझा बदल."

"आजच बदलसू," असं म्हणून त्यानं चहा अर्धा टाकला आणि जिना चढून वर गेला.